मालकाकडून उत्तर: 19 दिवसांचा हिशोब

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलाने वाचून दाखवला. एक स्टार. "19 दिवस मशीन अडकवून ठेवलं, 18,600 घेतले, घरी आणलं तर डावीकडे ओढतंय, वर मालक शाळामास्तरासारखं शिकवतो, आपला मराठी माणूस म्हणून गेलो होतो." तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. गवत कापायचं झिरो-टर्न मशीन (बसून, दोन दांड्यांनी चालवायचं, जागच्या जागी वळणारं) दुरुस्तीला आणि ऐन पावसाळ्यात लॉन गुडघ्यापर्यंत वाढलं असेल, चिडचिड होणारच, मला कळतं.

पण ते 19 दिवस, काका, ते मला रात्रभर झोपू देईनात. म्हणून सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं व्हॉट्सअॅप काढून बसलो. मशीन आमच्याकडे आलं 3 जुलैला संध्याकाळी. 5 तारखेला मी तुम्हाला सगळं उघडून, फोटो काढून एस्टिमेट पाठवलं, त्यावर निळ्या टिका त्याच दिवशी आल्या आणि तुमचा "ओके करा" आला 12 तारखेला. मधे मी दोनदा फोन केला, एकदा तुम्ही म्हणालात लग्नात आहे नंतर बोलतो, एकदा उचललाच नाही. तुम्हीच आणताना बजावलं होतं ना, की मला विचारल्याशिवाय एक नट पण बदलायचा नाही? मग मी नाही बदलला. 12 ला पार्ट मागवले, मुंबईहून 18 ला आले, कारण असले पार्ट इथे बडोद्यात मकरपुऱ्याच्या दुकानात टांगलेले नसतात, बाइकचा क्लच प्लेट नाही तो. 19 ला मशीन तयार, तसा मेसेज पण आहे, आणि तुमचा टेम्पो आला 22 ला. म्हणजे 7 दिवस तुमच्या उत्तराचे, 3 तुमच्या टेम्पोचे, 6 पार्सलचे आणि माझे 3. तीन, काका. ते पण तेव्हा की दारात आणखी चार मशीनं आणि एका शाळेचा ग्रास कटर उभा होता, कारण पहिला पाऊस पडला की सगळ्या बडोद्याला एकाच दिवशी आठवतं की आपल्याकडे मशीन आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. 14,100 चे पार्ट आणि तेल, बिलं तुम्हाला दिलेली आहेत, 4,500 मजुरी. त्यात दोन स्पिंडलची (ज्यांवर ब्लेड फिरतात ते दांडे) बेअरिंगं, डेकचा (ब्लेडवरचं पत्र्याचं झाकण) पट्टा, दोन्ही हायड्रोचे (तेलाच्या दाबाने मागची चाकं फिरवणारे पंप) फिल्टर आणि 20डब्ल्यू50 तेल, एअर फिल्टर, कार्बोरेटर सफाई, ब्लेडला धार लावून बॅलन्स, डेकची लेव्हल पुढून 5 मिलीमीटर खाली, सगळं आलं. स्वस्त नाही, मान्य. पण हायड्रोचं तेल काढलं तेव्हा ते चहासारखं दुधाळ निघालं, फोटो तुम्ही बघितलाय, म्हणजे आत पाणी गेलेलं. तुम्ही मशीन सेकंडहँड घेतलंय, मीटरवर 312 तास दिसतात ते खरे असतील किंवा नसतील, पण 2024 च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदी चढली तेव्हा हे कोणाच्या तळघरात उभं होतं देव जाणे. घ्यायच्या आधी एकदा दाखवलं असतंत तर मी फुकट बघून दिलं असतं. असो, ते आता बोलून काय.

आता "शिकवतो" याबद्दल. काका, मी शिकवलं नाही, विनंती केली. बेअरिंगं का गेली? कारण तुमचे माळी भाई गाडी धुवायच्या प्रेशर गनने डेकखालून स्पिंडलवरच पाणी मारतात, त्याने ग्रीस धुऊन जातं आणि पाणी आत बसतं. खरवडून गवत काढायचं, नाहीतर साध्या पाइपने धुवायचं, मग थोडा वेळ ब्लेड फिरवून कोरडं करायचं. कार्बोरेटरमधे पिवळी जेली का निघाली? कारण उन्हाळाभर टाकीत तेच पेट्रोल. आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि या इंजिनांच्या मॅन्युअलमधे इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच लिहिलेलं असतं, त्यात ते उभं राहून पाणी ओढतं, म्हणून मशीन दोन महिने उभं ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा, एवढंच म्हटलं. मान्य, तेव्हा दारात तीन माणसं उभी होती आणि माझा आवाज जरा चढला असेल. बायको पण म्हणते चढतो.

आणि डावीकडे ओढतं ते. तुम्ही फोन केलाच नाहीत, थेट रिव्ह्यू टाकलात, त्यामुळे मीच काल माळी भाईंना फोन लावला. त्यांनी व्हिडिओ पाठवला आणि म्हणाले, "सेठ, ए तो डाबी बाजू खेंचे छे." व्हिडिओत मागचं डावं चाक स्पष्ट बसलेलं दिसतंय. आमच्याकडून निघताना दोन्ही चाकांत 13 पीएसआय हवा मी स्वतः भरली होती. भायलीला तुमच्या कुंपणाशी बाभळी आहेत, काटा लागून हळूहळू हवा जात असेल, आणि झिरो-टर्नमधे एका चाकात हवा कमी झाली की मशीन त्याच बाजूला जातं, डेक पण वाकडा होतो, गवत एका बाजूने खालपर्यंत कापलं जातं. दुसरी गोष्ट माळी भाई सहज बोलून गेले, की तिसऱ्या दिवशी पेट्रोल संपलं म्हणून मशीन ट्रॅक्टरला दोर बांधून शेडपर्यंत ओढत आणलं. काका, बायपासचे दोन्ही दांडे (चाकं हायड्रोपासून मोकळी करणारे, मागचे) न उघडता हे मशीन ढकलायचं पण नसतं, आणि उघडून सुद्धा फक्त हाताने थोडंसं ढकलायचं, ट्रॅक्टरने तर कधीच नाही, आत पंप आहे तो. आणि नंतर एक दांडा अर्धाच बंद राहिला तरी त्या बाजूचं चाक कमजोर पडून मशीन तिकडेच वळतं. हे मी टेम्पोत चढवताना दाखवलं होतं, पण ड्रायव्हरला दाखवलं, तुम्ही नव्हतात.

माझं काय चुकलं ते पण लिहितो, नाहीतर म्हणाल सगळं गिऱ्हाइकावर ढकलतो. हायड्रोचं तेल बदलल्यावर आत अडकलेली हवा काढली, चाकं जॅकवर घेऊन, बायपास उघडा ठेवून चालवायचे दांडे हळूहळू पुढे-मागे, मग बायपास बंद करून परत तेच, ते नीट केलंय. पण चालवून बघितलं ते आमच्या अंगणात, सिमेंटवर, गवतावर नाही. चाकातली हवा जॉबकार्डवर लिहिली नाही. 19 ला मेसेज टाकून गप्प बसलो, फोन करायला हवा होता. यापुढे बघू, गवतावर चालवून द्यायची काहीतरी सोय करतो, आणि मराठी-गुजरातीत एक कागद छापून घेतोय माळी लोकांसाठी.

मराठी माणूस वगैरे जे लिहिलंत ते मात्र लागलं. वडील दांडिया बाजारात ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे, तेव्हापासून आमच्याकडे कोणाचं बिल आडनाव बघून झालेलं नाही, ना कमी ना जास्त. स्टार बदला असं मी म्हणणार नाही, फक्त ते 19 दिवसांचं वाक्य जमलं तर नीट करा. लोक तेवढंच वाचून पुढे जातात, आणि आमचा धंदा या चार महिन्यांचाच आहे.

या रविवारी सकाळी मी गेज आणि पंचरचं सामान घेऊन भायलीला येतो. येण्याचे पैसे नाहीत. माळी भाई असतील ना तेवढं कळवा, आणि हो, तुमचा जुना पट्टा आणि बेअरिंगं पिशवीत बांधून ठेवली होती, टेम्पोत टाकायची राहिली, ती पण घेऊन येतो.