काटा मारला

लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायला अर्धा तास पुरतो. मला दीड दिवस लागला, कारण शेजारचे अण्णा मदतीला आले.

लॅपटॉप सुरू करून चहा टाकायचा, पिऊन कप विसळायचा, तेव्हा कुठे तो पासवर्ड मागायचा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के. दुकानदाराने तीनदा 'फॉरमॅट मारला' आणि तिन्ही वेळा पैसे घेतले. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरची हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद नुसती वाट बघण्यात जातात, डोकं सरकायचा वेळ वेगळा. विंडोज उघडताना अशा हजारो खेपा होतात. फॉरमॅट मारून तबकडी जोरात फिरायला लागत नाही, हे त्यालाही ठाऊक असणारच.

शेवटी ५०० जीबीची अडीच इंची साटा (म्हणजे जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी मागवली. मालवणात मे महिना म्हणजे अण्णांच्या पडवीत काजूबियांचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सोलं. पार्सल फोडताना ते काट्यावरून उठून आले.

"ह्या काय?"

"एसएसडी. नवी डिस्क."

त्यांनी ती हातावर तोलली. मग कानापाशी नेऊन नारळ हलवतात तशी हलवली.

"वाजणा नाय."

"वाजायला नकोच, अण्णा. आत फिरणारं काही नसतं, चिपा असतात."

त्यांनी मला सरळ काट्यापाशी नेलं. जुनी डिस्क, ९५ ग्रॅम. नवी, ४० ग्रॅम. बिया घेऊन आलेले दोघे पुढे सरकले.

"फसवल्यान रे तुका. भितर पोकळ आसा."

आणि खरी चीड याचीच की ते बरोबर होते. या डब्यातला सर्किट बोर्ड बहुधा डब्याच्या निम्माही नसतो. जुन्या डिस्कची जागा नीट भरावी एवढ्यासाठी डबा अडीच इंची ठेवलेला. हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. पुढच्या वेळी सांगणार नाही.

डेटा उतरवायला साटा-यूएसबी केबल लावली, पण घाईत यूएसबी २ च्या पोर्टात. तिथे सेकंदाला जेमतेम ३५ एमबी, म्हणजे २१० जीबीला पावणेदोन तास. यूएसबी ३ चा वेगवान निळा पोर्ट पलीकडच्याच बाजूला होता. ७० टक्क्यांवर वाऱ्याने लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी तर कधीच मेलेली. क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करताना जुन्या डिस्कवरून फक्त वाचलं जातं, म्हणून फोटो वाचले. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरवर पुन्हा पहिल्यापासून.

मागच्या झाकणाला अकरा स्क्रू, त्यातले दोन रबरी पायांखाली लपवलेले. का लपवतात कोण जाणे. गिऱ्हाईक आत बघेल याची एवढी भीती? खाऱ्या वाऱ्याने चार गंजलेले. पीएच-० चा, म्हणजे बारीक फुलीच्या टोकाचा, स्क्रूड्रायव्हर नीट दाबून फिरवावा लागतो, नाहीतर डोक्यावरची फुली झिजते आणि मग स्क्रू जन्मभर तिथेच. लांबी सगळ्यांची सारखी नसते, म्हणून कागदावर झाकणाचं चित्र काढून ज्या भोकाचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवावा. अण्णांनी करवंटी पुढे केली आणि सगळे तिच्यात ओतले. लांब स्क्रू आखूड भोकात गेला. कीबोर्डच्या पुढे, मनगट टेकतो तिथे, आता एक टेंगूळ आहे.

बाकी काही नाही. आधी बॅटरीची पिन काढली, पत्र्याची चौकट जुन्या डिस्कवरून नवीवर चढवली, डिस्क आडवी सरकवून कनेक्टरात बसवली. वीस सेकंदांत विंडोज उघडलं. मी विजयाने अण्णांकडे बघितलं. ते स्क्रीनवर वाकले होते.

"पाचशे म्हणालंस ना? हय ४६५ लिवला हा."

कंपनी जीबी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या, हे मी समजावलं. माल तेवढाच, मापं दोन.

"म्हणजे काटो मारल्यान," अण्णा म्हणाले. बियावाल्यांनी माना डोलावल्या. आयुष्यभर काटा धरलेल्या माणसाशी मापावरून कोण वाद घालणार?

जुन्या डिस्कला यूएसबीची पेटी घेऊन बॅकअपला ठेवायचा विचार होता. डिस्कच सापडेना. संध्याकाळी अण्णांच्या खळ्यात दिसली, सोलांखालचं प्लास्टिक उडू नये म्हणून कोपऱ्यावर ठेवलेली. तिच्या कनेक्टरात आगळ गेलंय.

"ऱ्हवांदे थंय," ते म्हणाले, "वजन आसा तिका."