ती चौकट कापायची नाही

तीन महिन्यांपूर्वी १९६८ ची जावा मोटरसायकल घेतली. २५० सीसी, म्हैसूरच्या कारखान्यातली, तिथल्या गाड्यांना येझदी हे नाव यायच्या पाच वर्षं आधीची. टाकीचं क्रोम बरंचसं शाबूत. गिअरचाच दांडा फिरवून किक मारायची सोयही ठणठणीत. खटकत होती फक्त मागच्या मडगार्डवरची लोखंडी पट्ट्यांची ओबडधोबड चौकट. आतून घोंगडीचे तुकडे रिव्हेट मारून बसवलेले. नाना पेठेतला मेस्त्री म्हणाला, "गॅसनं कापून टाकू साहेब, शोरूम पीस होईल." मी हो म्हणून बसलो होतो. आज ते आठवलं की पोटात कालवतं.

नाव लावायच्या निमित्तानं जुनं आरसी बुक नीट चाळलं. माझ्याआधी तीन मालक. पहिल्याचा पत्ता सदाशिव पेठेतला वाडा. तिथं आता इमारत आहे, पण खालच्या किराणा दुकानातल्या काकांना ते कुटुंब आठवत होतं. त्यांच्या ओळखीनं कोथरूडला पोहोचलो. दार एका आजींनी उघडलं. मोबाईलवर फोटो दाखवला, तर टाकीकडे त्यांनी पाहिलंही नाही. थेट विचारलं, "घोंगडी आहे अजून?"

त्यांचे यजमान टाइपरायटर दुरुस्त करायचे. टायपिंगचे क्लास, वकिलांची ऑफिसं, शिवाजीनगर कोर्टाबाहेरचे टायपिस्ट अशी सगळी गिऱ्हाइकं. सासवड-भोरकडची मशिनं ते गाडीवर घरी आणायचे आणि दुरुस्त करून पोचवायचे. दिवे घाटातल्या धक्क्यांनी मशिनचं कॅरेज, म्हणजे कागद धरणारा वरचा सरकता भाग, हललं की सगळी मेहनत पाण्यात, म्हणून सासूबाईंची घोंगडी कापून आत लावलेली. टायपिंगच्या सरकारी परीक्षा जवळ आल्या की हे रात्री अकराला घरी यायचे, आजी सांगत होत्या. चौकटीचं माप मी घरी येऊन घेतलं. जुना ऑफिस टाइपरायटर तिच्यात अगदी बरोब्बर बसतो.

पुण्यात जुन्या गाड्यांवर जीव टाकणारे खूप आहेत, मीही त्यातलाच. पण आपण रिस्टोरेशन म्हणतो तेव्हा बहुतेकदा गाडी कारखान्यातून निघाली त्या एका दिवसाकडे परत नेतो. त्यानंतरची पंचावन्न वर्षं घासून काढतो. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमातही गाडी मूळ स्वरूपात हवी असं आहे, आणि चासी-इंजिनाच्या बाबतीत ते मला पूर्ण मान्य आहे. पण माणसानं पोटासाठी, स्वतःच्या अकलेनं गाडीला जे जोडलं, ते भंगार कसं? क्रोम पुन्हा चढवता येतं. ती घोंगडी परत कुठून आणणार?

म्हणून विनंती आहे. जुनी गाडी घेतलीत तर रंगाचा डबा उघडण्याआधी आरसी बुकाची मागची पानं वाचा. त्या पत्त्यावर जाऊन या. लवकर जा, कारण सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढे गेलीत.

मेस्त्रीला फोन करून कापायचं काम थांबवलं. चौकटीचा गंज काढून फक्त तेलाचा हात फिरवलाय. रविवारी आजींकडे गाडी घेऊन जातोय. त्यांना घोंगडीला हात लावून बघायचाय.