धर्मांतर कुणाचं? ती माणसं आधीच ख्रिस्ती आहेत

हा फॉरवर्ड मी बरेच दिवस टाळत होतो. परवा तो आईच्या निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपवर आला आणि तिनं विचारलं, "यांना काय उत्तर देऊ रे?" आम्ही वसईचे कॅथलिक, म्हणून तिच्याकडेच बोट.

दावा असा: अमेरिकेतली चर्चेस घुसखोरांना लपवतात, कारण धर्मांतरासाठी माणसं हवीत, चर्चमध्ये शिरलं की पोलीस हात लावू शकत नाहीत, बायबलच 'सरकारचं ऐका' सांगतं, ते सगळे गुन्हेगार आहेत, आणि मुळात हा सरकारी पैशाचा खेळ आहे.

धर्मांतराचं आधी घेतो, कारण त्याच्याइतकं हास्यास्पद यात दुसरं काही नाही. अमेरिकेत कागदपत्रांविना राहणारे बरेचसे येतात कुठून? मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर. मार्च २०२५ मध्ये तिथल्या कॅथलिक बिशप परिषदेनं आणि इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंटांमधला एक प्रवाह) चर्चेसच्या राष्ट्रीय संघटनेनं इतरांसोबत एक अहवाल काढला. त्यानुसार हद्दपारीची टांगती तलवार असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक ख्रिस्तीच आहेत. अमेरिकेतल्या दर बारा ख्रिस्ती माणसांमागे एक जण स्वतः या धोक्यात आहे, नाहीतर तशा माणसासोबत एका घरात राहतो. अहवाल चर्चवाल्यांचाच आहे, कबूल. पण तो खोडायचा तर आधी लॅटिन अमेरिकेचा इतिहास खोडावा लागेल. जन्मतः बाप्तिस्मा झालेल्याला बाटवणार कसं?

उलट जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचे बिशप अल्बर्तो रोहास यांनी लेखी सूट दिली, की धरपकडीच्या भीतीनं रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, येता आलं नाही तरी चालेल. मिस्सा चुकवणं आमच्यात केवढी गोष्ट आहे, हे आईला सांगायला नको. गर्दी जमवायला बसलेलं चर्च असं म्हणेल? आणि प्रार्थनास्थळांतल्या धरपकडीविरुद्ध क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी मेरीलँडच्या कोर्टात गेली, तेव्हा सॅक्रामेंटोचा गुरुद्वाराही त्यांच्यासोबत वादी होता. तोही बाटवायला निघालाय का?

पोलिसांना चर्चमध्ये मज्जाव करणारा कायदा तिथं नाहीच. अंतर्गत सुरक्षा खात्याची एक सूचना तेवढी होती, की चर्च, शाळा, इस्पितळं शक्यतो टाळा. ट्रम्प सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये येताच ती रद्द केली.

लपवण्याबद्दल एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. आसरा देणं तिथं गुन्हा ठरू शकतो, आणि काहींनी तो केलाय. १९८२ साली ॲरिझोनातल्या टुसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चनं मध्य अमेरिकेतल्या यादवीतून पळालेल्यांना थारा दिला. १९८६ मध्ये पास्टर जॉन फाइफ यांच्यासह आठ जण दोषी ठरले. पण लपवलं कुठे? त्यांनी चर्चवर फलक लावले होते, ॲटर्नी जनरलना, म्हणजे तिथल्या कायदामंत्र्यांना, पत्र लिहून कळवलं होतं. आज बरीचशी मदत तर याहून साधी असते. जून २०२५ मध्ये सॅन डिएगोचे बिशप मायकल फाम, जे स्वतः व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आले, इमिग्रेशन कोर्टात स्थलांतरितांसोबत गेले. त्या कोर्टात सरकार कुणाला फुकट वकील देत नाही. शेजारी कुणी बसणं एवढाच काय तो आधार.

बायबलचं म्हणाल तर 'सरकारचं ऐका' येतं ते रोमकरांस पत्र, अध्याय १३ मधून. २०१८ मध्ये ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सीमेवर मुलांची आईबापांपासून ताटातूट चालली असताना हाच अध्याय पुढे केला होता. त्यांनी दहाव्या ओवीपर्यंत वाचायला हवं होतं. प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही, असं तिथं लिहिलंय. शिवाय हे लिहिणारा पौल स्वतः तुरुंगाची हवा खाऊन आलेला.

सगळे गुन्हेगार? व्हिसा संपल्यावर राहणं हा तिथं दिवाणी मामला. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला लष्करी विमानातून १०४ भारतीय बेड्या घालून आणले, त्यांत महाराष्ट्राचे तिघे होते. त्यांच्या आयांसमोर हा फॉरवर्ड वाचून दाखवा.

राहिला पैसा. बिशप परिषदेला सरकारी निधी मिळायचा, खरंय. पण तो प्रामुख्यानं सरकारनंच रीतसर आत घेतलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी. ती भागीदारी संपवत असल्याचं परिषदेनं एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं. सरसकट हद्दपारीला विरोध करणारं निवेदन त्याच बिशपांनी २१६ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केलं ते नोव्हेंबरात, म्हणजे त्यानंतर.