सिलिंडरवरची तारीख आणि जळीत वॉर्ड

“सिलिंडरवर बी-24 लिहिलंय म्हणजे त्याची मुदत संपली, कधीही फुटेल. जळीत वॉर्ड अशाच सिलिंडरांमुळे भरलेत. भाजलं तर पाणी लावू नका, पाण्यानं फोड येतात, टूथपेस्ट लावा.” आमच्याकडं गावोगावच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय.

ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, तसंच पुढं डीपर्यंत, आकडा वर्षाचा. त्या तिमाहीपर्यंत टाकीची पुढची चाचणी व्हायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. तारीख उलटलेली टाकी दारातूनच परत करा. पण तेवढ्यानं ती फुटत नसते. भडका उडतो तो बहुधा चिरलेल्या नळीतून गळालेल्या गॅसचा. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, आणि पहाटे कुणीतरी लाइटचं बटण दाबतं.

वॉर्डाचं म्हणाल तर तिथली लहान लेकरं बघा. पाच वर्षांखालचं लेकरू जाळापेक्षा गरम पाण्यानं, चहानं, वरणानं जास्त भाजतं. थंडीतली सकाळ, चुलीवरून उतरवलेलं पातेलं न्हाणीत ठेवलेलं, माय विसण आणायला वळते आणि रांगणारं पोर पातेल्याचा काठ धरून उभं राहतं. यात सिलिंडर कुठंच नाही. शेतकरी येतो तो डीपीवर फ्यूज टाकताना शॉक बसलेला. वरून तळहातावर डाग दिसतो, आत कोपरापर्यंत स्नायू जळालेला असतो.

आणि तरण्या बायका. त्या जाळानं भाजतात. नायलॉनच्या साडीचा पदर खरंच पेटतो, हे मान्य. पण “स्टोव्हचा भडका झाला” हे वाक्य दरवेळी सासरचंच माणूस का सांगतं, हे नर्सला विचारा. जुन्या दंड संहितेत हुंडाबळीचं 304-ब कलम (आता न्याय संहितेचं कलम 80) 1986 साली उगाच आलं नाही. दंडाधिकारी जबाब घ्यायला येतो तेव्हा नातेवाईकांना बाहेर काढतात, तेही उगाच नाही. सगळं खापर टाकीवर फोडलं की हा प्रश्नच कुणी विचारत नाही. मला या मेसेजचा राग येतो तो यासाठी.

राहिली टूथपेस्ट. फोड पाण्यानं येत नाही, आत गेलेल्या उष्णतेनं येतो. भाजलेला भाग 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, बर्फ नको. सूज चढायच्या आत बांगड्या, अंगठी काढा. लेकरू असेल तर बाकीचं अंग पांघरुणात ठेवा. मग स्वच्छ कापड गुंडाळून 108 ला फोन. पेस्ट, हळद, पीठ जे काही थापाल ते ड्रेसिंगच्या टेबलावर जखमेवरून खरवडून काढावं लागतं.