फिरता दवाखाना आणि पुढच्या खेपेचा रुग्ण

मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरात किंवा मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत रविवारी सकाळी स्वयंसेवी डॉक्टरांची गाडी उभी राहिली की दुपारपर्यंत केसपेपरांचा गठ्ठा होतो, फोटो निघतात आणि संध्याकाळी ‘इतक्या रुग्णांनी लाभ घेतला’ अशी पोस्ट येते. अशाच एका गाडीत औषधवाटपाच्या टेबलावर मी बरीच वर्षे बसतो आहे आणि आता माझे ठाम मत झाले आहे की, तपासलेल्या रुग्णांची संख्या हे या कामाचे माप नव्हे. त्यांतले किती जण पुढच्या खेपेला परत आले, हे विचारले पाहिजे. पण बहुतेक ठिकाणी त्याची नोंदच नसते.

सर्दी, जुलाब, किरकोळ जखम यांचे एका भेटीत भागते. रक्तदाब आणि मधुमेहाचे तसे नाही, आणि आज वस्तीतल्या रांगेत हेच रुग्ण मोठ्या संख्येने असतात. एका बाईंना आम्ही रक्तदाबासाठी पंधरा दिवसांच्या अॅम्लोडिपिनच्या गोळ्या दिल्या होत्या. गाडी पुन्हा कधी येईल याची खात्री नसल्याने त्या एक दिवसाआड गोळी घेत राहिल्या आणि महिन्याने उरलेली पट्टी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून, किती पुरवून वापरली हे त्यांनी मला मोठ्या कौतुकाने दाखवले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 190/110 होता. त्यांचे काय चुकले? ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी येणार नसलेल्या गाडीने अशी औषधे सुरूच करू नयेत, रुग्णाला थेट पालिकेच्या दवाखान्याशी जोडून द्यावे, असे मला वाटते.

औषध कंपन्यांच्या सॅम्पलांवर चालणाऱ्या गाड्यांबद्दलही हेच म्हणता येईल. दर खेपेला पट्टीचे नाव आणि रंग बदलला की वाचता न येणारा माणूस जुनी-नवी अशा दोन्ही गोळ्या घेतो. त्यापेक्षा मोजकीच, पण कायम तीच जेनेरिक औषधे ठेवणे बरे.

क्षयरोगात हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. या भागातल्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेल्या पाहणीत, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारतींतल्या ऊन-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांचा आणि क्षयरोगाचा संबंध दिसून आला होता. ही संस्था 2007 साली केईएम रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनीच सुरू केली. साध्या क्षयरोगाचा उपचारही 6 महिन्यांचा असतो आणि दुसऱ्या महिन्यातच बरे वाटू लागते. नेमके तेव्हाच औषध सुटते. गाडीने दोन आठवड्यांहून जुना खोकला आणि घटलेले वजन हेरावे, एवढेच तिचे काम. थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी यंत्रणेत मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा पैसेही मिळतात (2018 पासून 500 रुपये, नोव्हेंबर 2024 पासून 1000). मात्र नुसती चिठ्ठी हातात ठेवून माणूस तिथे पोहोचत नाही, कारण सकाळच्या ओपीडीला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या पालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांपैकी अनेक संध्याकाळीही उघडी असतात, त्यामुळे आता निदान सांगायला जवळचा पत्ता तरी आहे.

रांगेत एक प्रश्न हमखास येतो, ‘डॉक्टर, सुई नहीं लगाओगे?’ गल्लीतला बिनपदवीचा डॉक्टर इंजेक्शन आणि दोन दिवसांच्या गोळ्या देऊन मोकळा होतो, त्यामुळे सुई न देणारा डॉक्टर लोकांना अर्धवट वाटतो. आमच्यातले काही नवखे डॉक्टर गर्दी टिकावी म्हणून व्हिटॅमिनचे इंजेक्शन देऊन टाकतात. मला हे अजिबात पटत नाही.

सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, मदत करणाऱ्या कंपन्यांनी अहवालात एक रकाना वाढवावा: मागच्या महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्या सुरू केलेल्यांपैकी या महिन्यात किती जण आले? तो भरायचा तर न आलेल्यांना फोन करणारा, वेळ पडल्यास त्यांच्या दारापर्यंत जाणारा माणूस लागतो आणि त्याला पगारही द्यावा लागतो. गाडीवर कंपनीचे नाव रंगवायला पैसे मिळतात, या पगारासाठी मात्र अजून कोणी तयार झालेले नाही.