चवीचं नाव पुढे, भीती मीटरची

विजेवरच्या इंडक्शन शेगडीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं. "आचेवरच्या स्वयंपाकाची चव त्याला नाही हो." बोलणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी गेल्या महिन्याभरात स्वतः चहाही टाकलेला नसतो, ते सोडा.

रोज आपण करतो काय? कुकर लावतो, आमटीला उकळी आणतो, दूध तापवतो, भाजी वाफवतो, पोहे परततो. वरणाला खाली ज्योत आहे की तारेचं वेटोळं, याचा पत्ताही लागत नाही. चवीची ही ओरड जुनीच आहे. चुलीवरून गॅसवर येतानाही झाली होती. "गॅसवरचं खाल्लं की पोटात गॅस होतो" हे मी चांगल्या शिकल्यासवरल्या आज्यांच्या तोंडून ऐकलंय. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं, तेव्हाही पावाची चव जाणार म्हणून हळहळ झालीच.

ज्योत खरोखर लागते ती मोजक्या ठिकाणी. भरताचं वांगं, पापड, सुके बोंबील, वाटणाचा अख्खा कांदा आणि खोबऱ्याची वाटी, फुलका. आणि भाकरी.

भाकरीचं मात्र मी स्वतः करून बघितलंय. बिडाचा तवा इंडक्शनवर चालतो, लोखंडच ते. पण घरगुती शेगडीतलं वेटोळं वितीपेक्षाही लहान असतं आणि तवा त्याहून मोठा. भाकरी टाकली, वरून पाणी फिरवलं, की मध्यभागी डाग पडायला लागतात आणि कडा ओल्याच. तवा सरकवावा म्हटलं तर जरा जास्त सरकला की शेगडी टिवटिव करून बंद. शेवटी उलटून विस्तवावर फुगवायची सोयच नाही. काही जणी फडक्याने दाबून फुगवतात, फुगतेही, पण पापुद्रा तसा सुटत नाही. तूप कढवताना वेगळीच गंमत. स्वस्त शेगडीला मंद आच ठाऊकच नसते. आकडा खाली आणला तरी ती काही सेकंद जोरात तापणार, मग गप्प बसणार, पुन्हा तापणार. बुडबुडे येतात नि मावळतात, आणि तुम्ही जरा पाठ फिरवली की बेरी काळी. महागड्या शेगड्यांत हा त्रास बराच कमी असतो.

पण एवढ्यासाठी कोणी इंडक्शन नाकारत नाही. खरं कारण वीजबिल आहे, आणि ते सांगायला आपल्याला का लाज वाटते कळत नाही.

हिशेब करू. एका घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, म्हणजे विजेच्या मापात साधारण १८० युनिट उष्णता. चांगला बर्नर त्यातली दोन तृतीयांश भांड्याला देतो, बाकी ओट्यावर नि आपल्या अंगावर. इंडक्शन ८५ टक्क्यांच्या आसपास देतं. म्हणजे तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला १४० युनिट लागतील. आता महावितरणचं बिल काढा. शंभर युनिटांच्या पुढे वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च) धरून दर दोन आकडी होतो. १४० युनिटांचे चौदाशेच्या वर सहज जातात, आणि सिलिंडर गेली काही वर्षं हजाराच्या आगेमागे फिरतोय. ज्यांचा वापर शंभरच्या आत आहे त्यांना परवडेल म्हणावं, तर इंडक्शन घेतल्यावर तो आत राहतच नाही! कार्यक्षमता जास्त असूनही खिशाला महाग पडणारी वस्तू आपल्या दरपत्रकाने तयार केली आहे.

त्यात वायरिंग. शेगडी २००० वॅटची, तिला १६ अँपिअरचा प्लग हवा. जुन्या इमारतींत ओट्याजवळ मिक्सरपुरता एक पॉइंट. आणि पहिल्या पावसात लाइट गेली की अर्धा शिजलेला भात घेऊन बसा.

म्हणून मी गॅसवाली, असंही नाही. देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के बाहेरून येतो, तोही मुख्यतः आखाती देशांतून. तिकडे काही झालं की इकडे सिलिंडरची नोंदणी लांबते. शिवाय ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड हा फुप्फुसांना त्रास देणारा वायू निघतो, आणि हल्ली एसी लावून खिडक्या बंद ठेवायची पद्धत. चिमणी नुसती शोभेची असेल तर तो आपणच हुंगतो.

हॉटेलांचं गणित आणखी वेगळं. माझ्या मावसभावाची नाशकात खानावळ आहे. निळा १९ किलोचा सिलिंडर, त्यावर जीएसटी १८ टक्के, घरगुतीवर ५. भाव बहुतेक दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. तरी तो विजेवर जायला तयार नाही. "ताई, माझे सगळे टोप जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे. ते त्यावर तापतच नाहीत. भांडी बदलू, थ्री फेजची जोडणी घेऊ, की पोरांचे पगार देऊ?" बिनतोड आहे. इंडक्शनची शेगडी स्वतः तापत नाही, भांड्याच्या बुडातच प्रवाह फिरवून भांडं तापवते, आणि त्याला लोखंडी जात लागते. मंगल कार्यालयातल्या आचाऱ्याला पन्नास लिटरचा टोप बदला म्हणून सांगायला कोण जाणार?

पण त्याच खानावळीत एप्रिलमध्ये दुपारी दीडला भट्टीपाशी उभं राहून बघा. भात-आमटी करणारा बुवा गळ्यात ओला पंचा टाकून उभा असतो. निदान चहा, दूध, आमटी गरम ठेवणं एवढं जरी विजेवर गेलं तरी त्याच्या डोक्यावरचा ताप कमी होईल. चवीवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी त्याला कोणी विचारलंय का?

माझ्या ओट्यावर दोन्ही आहेत. कुकर, चहा, दूध इंडक्शनवर. भाकरी, भरीत, फोडण्या गॅसवर. ज्यांच्या छपरावर सोलर आहे त्यांनी तर दुपारचा स्वयंपाक बिनधास्त विजेवर करावा. आणि "कुठली शेगडी घेऊ" असं विचारणाऱ्यांनी आधी फ्रिजवरचं चुंबक काढून घरातल्या भांड्यांच्या बुडाला लावून बघा. चिकटलं नाही तर शेगडीच्या किमतीत नव्या कुकरची किंमत मिळवा, आणि मग ठरवा.