जिन्याखालचा तिरका स्लॅब मॉडेलमधून वगळू नका

कोकणातल्या आर्किटेक्ट आणि ड्राफ्ट्समन मंडळींत एक सल्ला फिरतोय: ‘जिन्याच्या चारी बाजूंना आग दोन तास अडवणाऱ्या भिंती घ्या, प्लॅनवर रंग भरा, फायर कंपार्टमेंट (आग बाहेर पसरू न देणारा बंदिस्त भाग) झालं. तिरकं काही संगणकावरच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये काढू नका, सॉफ्टवेअर बघून घेतं.’ हा सल्ला धोक्याचा आहे.

आधी त्यातलं खरं. पूर्ण बंदिस्त जिन्यात मधल्या मजल्यांचे फ्लाइट (पायऱ्यांचे सलग टप्पे) एकाच कंपार्टमेंटच्या पोटात असतात. तिथे तिरकी हद्द नसतेच. भिंती आणि फायर डोअर पुरतात. अडचण आहे ती सगळ्यात खालच्या फ्लाइटखाली. रत्नागिरी-चिपळूणकडे तिथे मीटरबोर्ड लावतात, शिवाय पावसाळ्यात नारळाची सोडणं, झावळ्या, जुन्या गाद्या येऊन पडतात. मुळात हे काही तिथे नकोच. पण ती जागा भिंत घालून वेगळी केली, की तिचं छत म्हणजे जिन्याचा वेस्ट स्लॅब (waist slab, पायऱ्यांखालचा तिरका काँक्रीट स्लॅब). खाली जळण, वरून माणसं पळणार. म्हणजे हद्द हीच, आणि ती तिरकी आहे.

सॉफ्टवेअर ती बघून घेत नाही. रेव्हिट या इमारतींचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये रूमची हद्द भिंत, फ्लोअर, सीलिंग, छप्पर अशा घटकांवरून ठरते. जिना त्यात धरलाच जात नाही. खालची खोली आणि वरचा जिना यांच्यामध्ये काही आहे, हे मॉडेलला कळतच नाही.

‘जाडी तर सेक्शनमध्ये दिसते’ असं कोणी म्हणेल. कुठल्या दिशेनं मोजलेली? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार दोन तासांसाठी स्लॅब किमान १२५ मिमी हवा. १५० मिमीचा रायझर (पायरीची उंची) आणि ३०० मिमीचा ट्रेड (पायरीची रुंदी) असेल तर उतार साधारण २६.६ अंशांचा होतो. सेक्शनवर उभी रेघ धरून १२५ मोजले, तर उताराला काटकोनात जाडी भरते ११२ मिमी. दीड तासाला ११० लागतात. म्हणजे दोन तासांचा म्हणून लिहिलेला स्लॅब प्रत्यक्षात दीड तासाचाच. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणखी वेगळं तपासायचं.

रॅम्पला तर प्लॅनवरचा रंग अजिबात पुरत नाही. आपल्याकडे रस्ता वर आणि पार्किंग खाली उतरणीत, हे नेहमीचंच. १:१० चा रॅम्प खालून १२ मीटर चढला की १.२ मीटरच्या कटलाइनवर (प्लॅन ज्या उंचीवर कापून दाखवतात त्या रेषेच्या वर) जातो. त्यापुढे त्याच्या पोटाखाली स्टोअर आहे की डिझेल जनरेटर, मग रंग रॅम्पचा द्यायचा की खालच्या जागेचा? त्याच चौकोनात खाली एक कंपार्टमेंट, वर दुसरं.

उतारानं आगीला फरक पडत नाही, असंही म्हणतात. १९८७ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी एस्केलेटर पेटला. ३० अंशांच्या त्या खोबणीत ज्वाळा उताराला चिकटून वर धावल्या आणि तिकीट हॉलमध्ये घुसल्या. ३१ जण गेले. संगणकावर उतारासकट मॉडेल चालवल्यावर हे वागणं समोर आलं, मग प्रयोगांनीही ते दाखवलं.

करायचं काय? फ्लाइटच्या पोटाला लागून स्लोप ॲरो (उतार दाखवणारा बाण) देऊन पातळ फ्लोअर काढा, रूम बाउंडिंग (घटक खोलीची हद्द धरायची सेटिंग) चालू ठेवा, व्हॉल्यूम मोजणी चालू करा आणि टाइपच्या नावातच ‘१२० मिनिटे’ लिहा. आयएफसी ४ या मॉडेल-देवाणघेवाणीच्या फाइल-फॉरमॅटमध्ये अग्निसुरक्षेसाठी वेगळा स्पेशियल झोन आहे, एक्स्पोर्ट त्यात करा. हा थर काँक्रीटच्या क्वांटिटीतून मात्र फिल्टर लावून वगळा, नाहीतर तोच स्लॅब बिलात दोनदा चढेल.